फेरिटिन 9: एका व्हीगन डोंगर-धावपटूचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये तिला सगळे 'मटकी' म्हणायचे. खरं टोपणनाव वेगळं होतं, पण त्याच जातीचं. वय, नोकरी असे तपशीलही थोडे बदललेत, आणि हे सगळं आधी तिला वाचून दाखवलंय.

वय 36, वजन 54 किलो. काम संगणकापुढे बसून. घरी नवरा, सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा. ती जन्मापासून शाकाहारी. तीन वर्षांपूर्वी तिने दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडलं, म्हणजे व्हीगन झाली. नातेवाइकांच्या गोठ्यात एका नर वासराचं पुढे काय होतं, ते तिने पाहिलं होतं. त्यावर ती फारसं बोलत नाही. बोलते तेव्हा वाद घालत नाही, फक्त सांगते.

धावणं त्याआधीचं. दोन-तीन हाफ मॅरेथॉन झाल्यावर तिला डांबराचा कंटाळा आला आणि ती सिंहगडाकडे वळली. पुण्यातल्या डोंगर-धावपटूंची शाळा तीच. आतकरवाडीतून पायवाटेने वर, तीन किलोमीटरच्या आत साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ. रविवारी पहाटे दोनदा, कधी तीनदा. वर पोचल्यावर बाकीचे मडक्यातल्या दह्यावर तुटून पडायचे. ही लिंबू सरबत घ्यायची आणि डब्यातली मोड आलेली मटकी काढायची. टोपणनाव तिथलंच.

मी ग्रुपचा 'कोच', म्हणजे बारा-पंधरा वर्षं जास्त धावलेला आणि त्यामुळे सल्ला द्यायची सवय लागलेला माणूस. आहारतज्ज्ञ नाही, डॉक्टर नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

डिसेंबरमध्ये सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातली 50 किलोमीटरची शर्यत करायची, असं तिने मे महिन्यात ठरवलं. ठरवलं आणि जाहीरही केलं. स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी टाकायच्या अ‍ॅपवर प्रत्येक धावण्याखाली ओळ असायची: 'शून्य दूध, शून्य अंडी, 22 किमी.' लोक टाळ्या पाठवायचे. काही जण तुपाच्या बरणीचे फोटो पाठवायचे.

अडचण

मेमध्ये ती आतकरवाडीतून वर 42 मिनिटांत जात होती. जुलैच्या तिसऱ्या रविवारी तिला 54 मिनिटं लागली. पावसाळा, निसरडं, चिखल हे सगळं धरूनही 12 मिनिटं फार होती. खिंडीत तोफ ओढून नेल्यासारखी ती चालत होती.

वेळेपेक्षा जास्त खटकलं ते दुसरंच. ती येणं टाळायला लागली. आधी बुधवार गळला, मग शुक्रवार. 'आज मूडच नाही', 'अंगात आळस भरलाय', 'सर, इच्छाच होत नाही'. पूर्वी पाऊस कोसळत असताना हिचा पहाटे चारला मेसेज यायचा, 'निघाले'. आता साडेपाचला यायचा, 'सॉरी'.

तिने मांडलेली तक्रार अशी होती: माझी प्रेरणा संपलीय. आणि मीही ती तक्रार जशीच्या तशी उचलली.

पहिला निर्णय, आणि तो चुकला कसा

इच्छा नाही असं कुणी म्हणालं की कोच लोक इच्छेवर उपाय शोधतात. मी तेच केलं. तिला जोडीदार लावून दिला. भिंतीवर कॅलेंडर लावून रोज फुली मारायला सांगितलं. स्कॉट ज्युरेकचं उदाहरण दिलं. 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं वेस्टर्न स्टेट्सची 100 मैलांची शर्यत जिंकणारा आणि त्याच काळात व्हीगन झालेला अमेरिकी धावपटू. तिच्या मोबाइलवर त्याचा फोटो आधीपासूनच होता. मी त्यावर आणखी वजन टाकलं: 'तो करू शकतो, तर तू का नाही?'

आता वाटतं, त्या वाक्यात सगळं उलटं होतं. वनस्पतींवर जगून माणूस डोंगर पळू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर ज्युरेकने कधीच देऊन टाकलंय. पण ही बाई आज, या आहारावर, या झोपेवर काय करू शकते, हे त्याच्या पदकांवरून कळत नाही.

त्यावर कडी म्हणजे मी तिचा चढाचा सराव वाढवला. 'पाय जड वाटतात ते कमी सरावामुळे' असं माझं निदान. आठवड्याला 55 ते 60 किलोमीटर आणि दोन हजार मीटर चढ. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती श्रावणी सोमवारचा उपास धरून आदल्या रात्रीच्या भगरीवर डोंगर चढली, आणि उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसली. दगडावर बसलेली ती म्हणाली, 'माझ्याकडून होत नाही म्हणजे ते लोक बरोबरच होते.'

ते लोक कोण, हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

खरा प्रश्न कुणी विचारला

मी नव्हे. ग्रुपमधल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. खाली येऊन चहा घेताना त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, पाळी वेळेवर येते का? मेपासून पन्नास-साठ दिवसांचं अंतर पडत होतं. तिने त्याचा संबंध ताणाशी लावला होता. माझ्या मनात हा प्रश्न येणं शक्य होतं, तोंडून येणं अवघड होतं. बायकांना प्रशिक्षण देणाऱ्या पुरुषांनी हा संकोच कुठेतरी ठेवून द्यायला हवा किंवा हे विचारणारी बाई ग्रुपमध्ये हवी. मी दुसरा मार्ग सोपा म्हणून पत्करला आहे.

त्याच संध्याकाळी रक्त तपासायला दिलं.

हिमोग्लोबिन 11.4. फेरिटिन 9. बी12 162. ड जीवनसत्त्व 17.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांमध्ये 15 च्या खाली लोहाची कमतरता धरते. लांब पळणाऱ्यांच्या बाबतीत बरेच डॉक्टर 30-35 च्या खालीच सावध होतात. हिमोग्लोबिन 12 च्या थोडंसंच खाली, म्हणून वरवर पाहणारा 'किंचित अशक्तपणा' म्हणून सोडून देईल. त्यात एक फसवणूक दडलेली होती. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान होतात, बी12 कमी असेल तर मोठ्या. दोन्ही एकदम कमी असेल तर सरासरी जुळून येते. तिच्या रिपोर्टात पेशींचा आकार, एमसीव्ही, अगदी नॉर्मल होता. नुसतं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी केली असती, तर आम्ही निर्धास्त होऊन अजून चढ पळवला असता.

बी12 चं गणित साधं आहे. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात असतं म्हणून विकतात, पण त्यातला बराचसा भाग माणसाच्या शरीराला उपयोगी नसलेला असतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून दूध सोडल्यावर लगेच काही होत नाही आणि माणसाला वाटतं, मला गोळीची गरजच नाही. तिची तीन वर्षं झाली होती.

मग आहारतज्ज्ञांनी तिला आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहायला लावलं. प्रथिनं जवळजवळ पुरेशी होती, दिवसाला 65 ग्रॅमच्या आसपास. मटकी, डाळी, सोया वडी, शेंगदाणे. म्हणजे ज्या प्रश्नाने लोक तिला तीन वर्षं छळत होते, 'प्रोटीन कुठून मिळतं?', तो तिच्यापुरता गौण निघाला. कमी होती ती एकूण ऊर्जा. जेमतेम 1700 कॅलरी. तिच्या सरावाला 2300 च्या वर लागत होत्या.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पूर्वी तिच्या दिवसात दोन कप दूध, भातावर तूप, रविवारी पनीर असायचं. ते सगळं गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. उलट 'आरोग्यदायी' म्हणून भात कमी झाला, ताटात काकडी-गाजर आणि नाचणी वाढली. चोथा भरपूर, पोट लवकर भरलेलं, ऊर्जा अर्धवट. पळताना दोन तासांत चार खजूर आणि पाणी. भूक लागत नाही म्हणजे पुरेसं खाल्लं, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं.

समोर असलेले पर्याय

ऑगस्टअखेर आम्ही चौघं बसलो: ती, तिचा नवरा, आहारतज्ज्ञ आणि मी. डॉक्टरांचं म्हणणं कागदावर होतं.

दूध परत सुरू करणं हा घरच्यांच्या मते उघड उपाय होता. दुधाने बी12 थोडं मिळालं असतं, कॅलरीही वाढल्या असत्या. पण फेरिटिन 9 वर दूध हे औषधच नव्हे. दुधात लोह नसल्यातच जमा, आणि त्यातलं कॅल्शियम सोबत खाल्लेल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. आहारतज्ज्ञ बाई नवऱ्याला म्हणाल्या, 'तुमच्याकडे दूध पिणाऱ्या किती बायकांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, मोजून सांगा.' तो हसला. पण तिच्या मनाविरुद्ध दूध सुरू केलं असतं, तर ती पळणंच सोडेल, असं मला त्या बैठकीत पहिल्यांदा जाणवलं.

गोळ्या घेऊन सराव तसाच चालू ठेवणं हा तिचा आवडता पर्याय होता. शर्यत जाहीर झाली होती ना. तो आहारतज्ज्ञांनी मोडून काढला. ऊर्जा कमी असताना आणि पाळी लांबत असताना नुसत्या गोळ्यांनी हाडं कमकुवत होण्याचा धोका टळत नाही.

हंगाम पूर्ण सोडणं सुरक्षित होतं, पण त्याने 'ते लोक बरोबर' हे वाक्य तिच्या डोक्यात कायमचं बसलं असतं.

राहिला चौथा. आहार व्हीगनच, पण खाणं वाढवायचं, औषधं घ्यायची, सहा आठवडे सराव निम्मा. 1 ऑक्टोबरला पुन्हा रक्त तपासायचं. फेरिटिन 25 च्या वर आणि पाळी आलेली, तर 25 किलोमीटरची शर्यत. नाही तर यंदा काहीच नाही. 50 चा विषय बंद.

या अटीवर ती तासभर भांडली. मला वाटतं, तारीख आणि आकडा आधी लिहून ठेवणं हाच या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय होता. सप्टेंबरच्या शेवटी तिला बरं वाटायला लागलं, तेव्हा त्या कागदाशिवाय मीच तिला 50 ला पाठवलं असतं.

काय केलं

लोहाची गोळी ती आधीही घेत होती, हे आता बाहेर आलं. दुकानातून आणलेली, रविवारी धावून आल्यावर, सोया दुधाच्या चहाबरोबर. यात दोन चुका एकत्र. चहातले टॅनिन लोह अडवतात. आणि जोरदार व्यायामानंतर तीन ते सहा तास शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, ते आतड्यातून लोह फारसं शिरू देत नाही. डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड दिली, कारण रोज घेतल्यानेही हेप्सिडिन चढतं. वेळ ठरली सकाळची, शक्यतो विश्रांतीच्या दिवशी, आवळ्याच्या रसाबरोबर, चहा नंतर तासाभराने. बी12 ची आधी इंजेक्शनं, मग आठवड्याची गोळी, आणि ती कायमची.

ड जीवनसत्त्वाची गंमत वेगळीच झाली. नेहमीचं डी3 मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात, वर कॅप्सूल जिलेटिनची. तिने पाकीट दोन दिवस टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी घेतलं. आठ आठवडे औषध म्हणून घेईन, मग दगडफुलाच्या जातीपासून केलेलं शोधीन, असं म्हणाली. महाग पडतं, पण मिळतं.

ताटातला बदल दिसायला साधा होता. पांढरा भात परत आला. वरणावर तुपाऐवजी कच्चं शेंगदाण्याचं तेल. दुपारच्या डब्यात भाकरीबरोबर तीळ-कारळ्याची चटणी मूठभर, आणि कामावर चार वाजता गूळ-शेंगदाणे. रात्री पिठलं, वरणफळं, कुळथाचं पिठलं असं आलटून पालटून. मटकी राहिली, पण सराव असलेल्या सकाळी नाही. मोड आणण्याचा फायदा आहेच, लोह बांधून ठेवणारं फायटिक आम्ल त्याने कमी होतं, पण डोंगर चढताना पोटात मटकी असणं फारसं सुखाचं नसतं, हे ती तीन वर्षं सोसत होती.

पळताना तासाला 40 ते 50 ग्रॅम कर्बोदकं. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची वडी, आणि बाटलीत लिंबू-साखर-मीठ. सुरुवातीला मळमळलं. तीन रविवारांत पोट सरावलं. उपासाच्या दिवशी लांब पळायचं नाही, हा नियम तिनेच घातला.

जे गोळ्यांनी सुटलं नाही

1 ऑक्टोबर: हिमोग्लोबिन 12.1, फेरिटिन 26, बी12 चारशेच्या वर. सप्टेंबरात पाळी आली होती. आतकरवाडीचा चढ 46 मिनिटांवर. कागदावर सगळं जुळलं.

आणि ती पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही.

इथे माझा समज दुसऱ्यांदा उलटला. आधी मी शरीराच्या दुखण्याला मनाचं समजलो. मग रिपोर्ट पाहून वाटलं, म्हणजे सगळं रक्ताचंच होतं. तेही खरं नव्हतं. वेताळ टेकडीवर एका संध्याकाळी बाकावर बसून ती म्हणाली, 'सर, बूट घातले की वाटतं परीक्षेला बसलेय. मी हळू पळले की मी नाही, मटकी नापास होते.'

तेव्हा मला 'ते लोक' कळले. जाऊ, ऑफिसमधला टेबलाशेजारचा माणूस, ग्रुपवर तुपाची बरणी पाठवणारे, आणि 'तो करू शकतो तर तू का नाही' म्हणणारा मी. प्रत्येक धावणं हा पुरावा झाला होता. म्हणूनच तिने दोन वर्षं रक्त तपासलं नव्हतं. आकडा कमी आला तर वाद हरला. लोहाची गोळी लपवून घेत होती तीही त्यामुळेच.

यावर उपाय म्हणून जे केलं ते फार शास्त्रीय नाही. ग्रुपमध्ये टोपणनाव बंद केलं. मी दोघांना फोन करून सांगितलं, बाकीच्यांना आपोआप कळलं. तिने स्ट्राव्हा खाजगी केलं. आठवड्यातला एक दिवस घड्याळाशिवाय वेताळ टेकडी, कुणाला न सांगता. दोनदा ती मुलाला घेऊन गेली आणि अर्धा वेळ मोर शोधण्यात गेला. तिच्या मते ते दोन दिवस सगळ्यात उपयोगी पडले.

सासूबाईंना रिपोर्ट दाखवायचा निर्णय मात्र तिचा एकटीचा. मला ते धोक्याचं वाटलं होतं. तीन वर्षं 'दूध घे गं' म्हणणाऱ्या बाईंच्या हातात स्वतःहून फेरिटिन 9 चा कागद देणं! त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि विचारलं, 'एवढंच ना? मग पोटभर जेवत का नाहीस?' दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्यात एक भाकरी जास्त यायला लागली आणि शेंगदाण्याचा कूट प्रत्येक भाजीत. दुधाचा विषय त्यांनी सोडलेला नाही. पण आता तो चहाच्या वेळी निघतो, जेवताना नाही.

परिणाम

डिसेंबरात तिने 25 किलोमीटर साडेचार तासांच्या थोडं आत पूर्ण केलं. क्रमांक मधला. शेवटच्या उतारावर घसाऱ्यात पाय सरकून गुडघा सोलला. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये ती चालली नाही, ही माझ्यासाठी खरी नोंद. ऑगस्टमध्ये उतारावर ती बसली होती.

जानेवारीत फेरिटिन 34. पाळी नियमित. वजन दीड किलोने वाढलं आणि चढाची वेळ 41 मिनिटं झाली. वजन वाढून वेळ सुधारणं हे आमच्या ग्रुपमधल्या काहींना अजून पचलेलं नाही.

50 किलोमीटरचं तिने अजून ठरवलेलं नाही. ठरवलं तर सांगेन असं नाही, असंही म्हणाली.

वेगळं काय करता आलं असतं

मेमध्ये, सराव सुरू करण्याआधी, सीबीसीबरोबर फेरिटिन आणि बी12 तपासलं असतं तर तीन महिने वाचले असते. फक्त तिचं नाही, ग्रुपमधल्या सगळ्यांचं. 'व्हीगन आहे म्हणून तपास' असं म्हटलं असतं तर तिने ऐकलंच नसतं, आणि बरोबरच केलं असतं.

दुसरं, कुणी 'इच्छा नाही' म्हणालं तर मी आता आधी तीन गोष्टी विचारतो: झोप, जेवण, पाळी. मग दोन आठवडे सराव कमी करतो. त्याने इच्छा परत आली, तर ती गेलीच नव्हती. नाही आली, तर बाकावर बसायचं आणि ऐकायचं. हा क्रम उलटा केला म्हणून तिला ऑगस्टमध्ये चक्कर आली.

या जूनपासून आम्ही ग्रुपमधल्या सगळ्यांचं रक्त तपासतो, आकडे ज्याचे त्याच्याकडे. सांगायचे तर सांगायचे. आमचा एक पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगाने पुढे पळून बाकीच्यांना वेग राखायला मदत करणारा, रोज सकाळी अर्धा लिटर दूध पिणारा, स्वतःहून म्हणाला की त्याचं बी12 188 आलंय. ती त्याला म्हणाली, आठवड्याची गोळी कुठली ते पाठवते.